सातव्या तासातली चौदा पावलं

नांगराच्या सातव्या तासात चौदा पावलं जव उगवलाच नव्हता. अलीकडे हिरवी रेघ, पलीकडे हिरवी रेघ, आणि मध्ये ही उघडी माती, दात पडलेल्या तोंडासारखी.

शेशकल्ला म्हाताऱ्यानं ती पावलं दोनदा मोजली. नान्शे देवीच्या देवळाच्या या जमिनीवर तीस वर्षं नांगरावरचं पेरणीचं चाडं त्याच्या हाताखाली होतं. पुढे बैल, मागे नांगर धरलेला उरगिगिर, आणि बाजूनं चालत चाड्यात दाणे सोडणारा शेशकल्ला. दाणा नळीतून थेट तासात, दोन बोटं खोल, जिथल्या तिथं. त्याच्या पेरणीचा कित्ता बाकीच्यांनी गिरवायचा, असा म्हाताऱ्याचा रुबाब. आणि आज नेमका देवळाचा कारभारी दुदू हातात बोरूची लांब काठी घेऊन एकेक तास तपासत येत होता.

"पाखरं," कारभारी जवळ येताच शेशकल्लानं सांगून टाकलं. "पाखरांनी टिपला."

"पाखरं इथलं तिथलं टिपतात, बाबा. एका रेघेत चौदा पावलं चालत जाऊन टिपणारं पाखरू मी तरी बघितलं नाही."

"मग उंदीर असतील."

"बिळं दाखवा."

बिळं कुठून दाखवणार? दुदू काही वाईट माणूस नव्हता, पण देवळाचा नियम म्हणजे नियम. ज्याच्या हातून तास कोरा गेला, त्याचं चाडं पुढल्या पेरणीला दुसऱ्याच्या हाती. मग गावभर एकच बोलणं, शेशकल्लाचा हात गेला. आज्याच्या काळी मूठ फेकून पेरायचे ते बरं होतं. कुणाची मूठ कुठे रिकामी गेली, कुणाच्या बापाला कळायचं नाही. या चाड्यानं रेघा आखून दिल्या आणि पेरणाऱ्याचं लक्ष कुठे होतं तेसुद्धा शेतात उगवून यायला लागलं.

त्यानं हात पुढे केला. बोटं जराही थरथरत नव्हती.

"ही बोटं थांबली नाहीत, कारभारी. देवीशपथ."

"मग जव कुठे गेला, बाबा?"

उरगिगिर इतका वेळ बांधावर बसून कांदा-भाकरी खात होता. तो हात झटकत उठला, तास जिथून कोरा होत होता तिथं येऊन उभा राहिला आणि कालव्याकडे बघून खो खो हसायला लागला.

"दात काय काढतोस? माझा जीव चाललाय इथे," शेशकल्ला खेकसला.

"शेशा, ये इथे. असा उभा राहा. कालव्याकडे तोंड कर. काय दिसतं?"

"खजुराचं झाड. आंधळा नाही मी."

"पेरणीच्या दिवशी त्या झाडाखाली कोण येऊन उभं राहिलं होतं?"

म्हाताऱ्याचं तोंड उघडंच राहिलं. निनहेदू. त्याची बायको. केस सुटलेले, पदराचं भान नाही, अनवाणी धावत आलेली. दोन दिवस लेक अडली होती, आणि घरातल्या बायकांनी याला 'जा बाबा, तुझ्या शेतात जा' म्हणून हुसकावून लावलं होतं. झाडाखालून निनहेदू ओरडली होती, "सुटली हो! दोघी धड आहेत!"

पुढचं त्याला इतकंच आठवलं, की पाय चालत होते. बैल कशाला थांबतील, त्यांना थोडीच नात झाली होती! आणि बऱ्याच वेळानं त्यानं मूठ उघडली, तेव्हा दाणे घामानं तळहाताला चिकटून बसले होते.

"मूठ मिटूनच चाललो मी," तो म्हणाला. "नात झाली होती, कारभारी. मला काही कळलंच नाही बघा."

दुदूनं काठीच्या टोकानं एक ढेकूळ फोडलं. मग आणखी एक.

"घरात आणखी कुणी बाळंत व्हायचं आहे का, बाबा?"

"नाही. एकच लेक मला."

"मग पुढल्या पेरणीला चाडं तुम्हीच धरा. हा तास तेवढा आज हातानं भरून टाका."

एवढं बोलून तो आठव्या तासाकडे वळला.

शेशकल्लानं पिशवीतून मूठभर जव घेतला आणि गुडघे टेकून बसला. गुडघे कडाकडा वाजले. दोन बोटं मातीत खुपसायची, दाणा सोडायचा, पुढे सरकायचं. ऊन चढत होतं, पण म्हातारा इतका खुशीत होता की त्याला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

"हा जव आता मागे पडणार बघ," उरगिगिर वरून म्हणाला. "कापणीपर्यंत शेजारच्यापेक्षा वीतभर बुटकाच राहील. बांधावरून जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला दिसेल, शेशा."

म्हाताऱ्यानं दाण्यावर माती ओढली आणि अंगठ्यानं हलकेच दाबली.

"दिसू दे की," तो म्हणाला.