घारे डोळे

तुम्हाला खरं वाटणार नाही, पण बारशाच्या दिवशी एका थापेनं मी सुनेची अब्रू वाचवली.

नातीचे डोळे निघाले घारे. आमच्या घरात सगळे काळ्या डोळ्यांचे, सुनेच्या माहेरीही तेच. अनसिंग गावभर कुजबुज सुरू झाली. शीतल बिचारी मान खाली घालून पाळणा हलवत होती.

मला राहवेना. ठोकून दिलं, "काहून तोंडाले पदर लावून हासता वं? माह्या मायचे डोळे असे घारे होते, का अंधारात मांजरी तिले पाहून वाट सोडत. नात पणजीवर गेली!"

शीतलनं पहिल्यांदा मान वर केली.

कोपऱ्यात शेजारची नव्वदीची गोदामाय बसली होती. नवरा जाऊन चाळीस वर्षं झाली, पण म्हातारीची जीभ अजून तशीच धारदार. तिला काही हे सोसवलं नाही.

"लबाड नको बोलू, उत्तम! तुह्या मायचे डोळे काळेभोर होते. या गावात घारे डोळे एकाच माणसाचे होते, आमच्या मालकाचे!"

 

गोदामायसकट सगळ्या बाया पाळणा सोडून माझं तोंड न्याहाळू लागल्या.