पोन्मणीचे शेवटचे शब्द

सिनेमा लागला त्या सकाळी मदुराईत थिएटरबाहेर पोरं कटआउटवर दूध ओतत होती. कटआउट माझ्या बायकोचं काम केलेल्या नटीचं होतं. दगडावर ओतता ते दूध लेकरांना पाजा, असं माझी पोन्मणी जन्मभर चौकाचौकांत सांगत फिरली. मी एकाला म्हटलं, "अरे, ती देव मानत नव्हती."

"ती नसेल मानत, आजोबा," तो म्हणाला. "आम्ही तिला मानतो ना."

आत निम्मा सिनेमा गाण्यांत आणि मारामारीत गेला. तिच्या सभा दोन मिनिटांत उरकल्या. शेजारी आमची मुलगी कयल होती. शेवटी दवाखान्यातल्या खाटेवर नटी डोळे मिटून खणखणीत आवाजात म्हणाली, "देवा मुरुगा, मला पदरात घे." सगळं थिएटर रडायला लागलं. मागून कुणीतरी म्हणालं, "आली बघ शेवटी वाटेवर."

मी कयलकडे वळलो.

"कयल, घशाच्या कॅन्सरने तिचा आवाज वर्षभर आधीच गेला होता. मरताना ती एक शब्दही बोलली नाही. या लोकांना हे सांगितलं कुणी?"

कयलचे हात जोडलेले होते. ते तिने तसेच ठेवले.

"मी सांगितलं, अप्पा. अम्माला बोलता आलं असतं, तर ती हेच बोलली असती."