टायगरने भाजलेला मासा

मथुरा रोज कट्टा गावातून पुण्याला फोन लावी आणि तिचा सुशांत रोज एकच उत्तर देई, "जेवलंय गो आये, मीटिंगमध्ये आसंय, ठेव." त्या मीटिंगमागे मोबाईल गेममधली कुऱ्हाड लाकडावर खणाखण पडताना तिला स्पष्ट ऐकू येई.

शेवटी वैतागून तिने पुतणीकडून तोच गेम आपल्या फोनवर घालून घेतला. त्यात माणसाला वेळेवर खायला मिळालं नाही तर तो भुकेने मरतो, एवढं कळलं आणि तिला पुरलं. पुतणीने गेममधल्या तिच्या माणसाला नाव दिलं ‘टायगर’ आणि त्याला सुशांतच्या गेममध्ये जोडून दिलं. हा टायगर रोज सुशांतच्या झोपडीशी जायचा, नदीतला मासा शेकोटीवर भाजून त्याच्या हातात ठेवायचा आणि ओळख लागू नये म्हणून शुद्ध मराठीत लिहायचा, "आपण जेवलात का?"

"कसलं जेवण भावा, आज पण वडापावच."

मथुराच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आईला थापा आणि या कोण कुठल्या टायगरला सगळं खरं सांगायचं. तरी मासा मात्र ती चुकवत नसे.

काल मासा गळाला लागला, पण तो शेकोटीवर ठेवायला तिचा हातच होईना. मासा तिने परत नदीत सोडला आणि सुशांतला दोन बटाटे भाजून दिले. मग स्क्रीनवर अक्षरं उमटली.



"आये, गेमात पण सोमवार पाळतंस? फोन लाव गो, उचलतंय."