विसण

"नवऱ्यांनो, कुटुंबाचं मस्तक व्हायचंय? मग बायकोपुढे वाका!" असं म्हणत चर्चच्या पाळकांनी कमरेला टॉवेल बांधला आणि भरल्या मंडळीसमोर बायकोचे पाय धुवायला गुडघे टेकले. सकाळीच ती म्हणाली होती, "अहो, विसण घाला, हात बुडवून बघा हं. मधुमेहानं माझ्या पावलांना काही कळत नाही." "बघतो गं," आरशासमोर टाय बांधत ते म्हणाले होते. पण गार पाणी मिसळलं तर मागच्या बाकांना वाफ कशी दिसणार? त्यांनी उकळत्या पाण्याची किटली उचलली आणि बोटांना चटका नको म्हणून लांबूनच तिच्या पायांवर ओतली. विसणाची बादली भरलेलीच राहिली. बायकांनी डोळे पुसले. लोकांकडे बघत तीही हसत होती. पाय टिपले, तर टॉवेलला कातडी चिकटून आली. पाळकांनी टॉवेलची घडी घातली आणि ओठ न हलवता पुटपुटले, "हसत राहा. फोटो व्हायचाय अजून."