भारतचा सदरा

"पाठीत गोळी? छातीत लागली होती, सर! तुम्ही स्वतः बघितलंत!" किशोरनं पुस्तक टेबलावर आपटलं.

वाल्मीक सरांनी शांतपणे चष्मा पुसला. सत्त्याण्णवचा मे, नाशिक नुसतं भाजून निघत होतं. पंखा गरागरा फिरत होता. किशोरचा थोरला भाऊ भारत, सातपूरचा कामगार पुढारी. निवडणुकीच्या तोंडावर त्याला गोळी घातली गेली, त्या खुनावर सरांनी हे पुस्तक लिहिलेलं. भारत मालकाला फितूर झाला होता आणि पळताना त्याला पाठीत गोळी बसली, असं त्यात छापलेलं. झालं! आठवड्यात अख्ख्या सातपूरची नजर फिरली. कारखान्यात किशोरच्या शेजारी डबा खायला कुणी बसेना. फितुराचा भाऊ ना तो!

"सरकारी कागद तर गहाळ झालेत," सर म्हणाले. "तुमच्याकडे पुरावा काय?"

"सदरा! कोर्टातून परत मिळालेला. माझ्या आईनंच तुम्हाला दाखवला होता. छातीवरच्या भोकात बोट घालून ढसाढसा रडलात तुम्ही. विसरलात?"

"मला काही आठवत नाही. आणलाय? दाखवा. चूक असेल तर पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू."

किशोरला हेच तर हवं होतं. शेजारी बसलेल्या आईच्या, कुसाबाईच्या मांडीवरची पिशवी त्यानं ओढूनच घेतली. सदरा काढून झटकला आणि तो गारच पडला.

सदरा पांढराशुभ्र. रक्ताचा टिपूस नाही. छातीवर भोक होतं तिथं बारीक टाक्यांचं रफू, बोटानं चाचपल्याशिवाय कळू नये असं.

"आई! अगं, काय करून बसलीस?"

"म्हणजे हा कुणाचाही जुना सदरा," सर म्हणाले आणि हसले. हसले, बरं का!

कुसाबाईनं सरांकडे बघितलंसुद्धा नाही. "रोज सपनात यायचा," ती किशोरला म्हणाली. "छातीवर हात धरून. म्हनायचा, आई, गार वारं शिरतंय गं आत. किती दिस ऐकू रं? धुतला, शिवून टाकला. तवापास्नं नाय आला."

किशोरला तिचा संताप आला आणि तिच्या कुशीत तोंड खुपसून रडावंसंही वाटलं. भावाची अब्रू राखायला एवढं एकच भोक उरलं होतं.

"मग उसवा की," सर म्हणाले. "होतं तरी कसं, बघू."

कुसाबाईनं हात पुढं केला. टेबलावर पेनांच्या डब्यात कात्री होती. "द्या ती. उसवते. पन उसवलं का त्यो परत येनार, सायेब. आता माझ्याकडं नाय येनार. ज्यानं भोकात बोट घातलं, त्याच्याकडं येईल. वारं छातीतून शिरतंय का पाठीतून, ते मग त्यालाच इचारा."

तिचा हात तसाच पुढं होता.

सरांनी कात्री उचलली, ड्रॉवरमध्ये टाकली आणि किल्ली फिरवली. मग ते उठले, आणि भर मे महिन्यात त्यांनी पंखा बंद केला.