अप्पांची काडतुसं

सिंगापुरात, सेंगकांगच्या फ्लॅटमध्ये अप्पा सुनेला व्हॉट्सॲपवर आलेला फोटो दाखवत होते. “ही आमची शिकारीची जुनी रायफल. तुझ्या सासूबाईंना नेमबाजीची भारी हौस, पण धक्क्यानं खांदा दुखायचा. काडतुसं मीच घरी भरायचो. दर खेपेला बंदुकीची दारू गुंजभर कमी करत गेलो. हिला वाटलं, आपल्याला सवय झाली! अजून पत्ता नाही तिला.”

तेवढ्यात सासूबाईंनी, म्हणजे प्रेमाताईंनीच, चहा आणून ठेवला. अप्पांनी घोट घेतला.

“वा! हा खरा चहा. खालच्या हॉकरच्या टपरीवरची कोपी, म्हणजे इथली कॉफी, हल्ली नुसती गोडमिट्ट लागते.”

“लागणारच,” प्रेमाताई म्हणाल्या. “डॉक्टरांनी सांगितल्यापासून गुंजभर, गुंजभर कमी करतेय. आज साखर घातलेलीच नाही. शिकले कुणाकडून?”