परक्याहून परकी

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चुलतभावाने फोटो टाकला: वहिनी रुग्णालयाच्या रांगेत एकटीच बसलेली. खाली प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. मी तिथेच नर्स असल्याने सगळ्यांनी मलाच धारेवर धरलं. आधी मी तो फोटो काढून टाकायला लावला. तेवढ्यात दादाचा फोन आला. “काय झालंय तिला?” “तिलाच विचार.” “सख्ख्या भावालाही सांगणार नाहीस?” “नाही, दादा.” आईने बोलणं टाकलं. आत्या म्हणाली, “घरची असून परक्याहून परकी निघाली.” मी सगळं गिळून कामावर जात राहिले. महिन्याभराने वहिनीने स्वतःच दादाला छातीतल्या गाठीबद्दल सांगितलं. सुदैवाने ती साधीच होती. मग दोघं माझ्याकडे आले. वहिनीचे डोळे भरले. “सगळं माहीत असूनही माझ्यासाठी एवढं ऐकून घेतलंस!” “मलाही आत्ताच कळतंय गं,” मी म्हणाले. “कॉम्प्युटरवर तुझं नाव मी टाकून पाहिलंच नव्हतं.”